डाव्या बुटाबद्दलचे अंदाज

४ सप्टेंबर

प्रिय भुंग्या,

तुझा पत्ता तुझ्या जुन्या खोलीतल्या मित्राकडून काढला. त्याच्यावर चिडू नकोस. तो देतच नव्हता, म्हणून मी त्याच्या दुकानात खुर्ची टाकून बसले. येणारी गिऱ्हाइकं "या कोण?" म्हणून विचारायला लागली, तेव्हा त्याने मुकाट्याने कागदावर लिहून दिला. तुझी ताई किती चिकट आहे हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं, एवढाच त्याचा गुन्हा.

खुशाली नंतर. आधी एक प्रश्न. तू लहान मुलांचे बूट करतोस का?

का विचारते ते सांगते. मी अजून बस डेपोतच आहे, हरवलं-सापडलंच्या खिडकीत. लोक छत्र्या विसरतात, डबे विसरतात, एकाने तर दातांची कवळी विसरली आणि पंधरवड्याने ती अगदी सहज मागायला आला. मागच्या आठवड्यात लांबच्या गाडीच्या कंडक्टरने एक बूट आणून दिला. एकच. डावा, तपकिरी, घोट्यापर्यंत उंच, सहा-सात वर्षांच्या मुलाला येईल असा. मी सवयीने आत हात घातला, तर आतली गादी वर उचलली गेली. खाली कॉर्कचे थर, आणि दर दोन थरांमध्ये पातळ कातडं.

पानं, भुंग्या. बाबांची पानं.

मी कितीतरी वेळ तो बूट मांडीवर घेऊन बसले. मूल वाढलं की एक पान घालायचं, फरक कमी झाला की एक काढायचं, बूट तोच ठेवायचा. ही युक्ती बाबांनी तुझ्या आखूड पायासाठी काढली. दुसऱ्या कोणाच्या कामात मी ती कधी पाहिली नाही. मी गेली कित्येक वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायांकडेच बघते, हे तुला माहीत आहे.

आता गंमत ऐक. आमच्या नव्या साहेबांनी फर्मान काढलंय की सापडलेल्या प्रत्येक वस्तूचा फोटो डेपोच्या वेबसाइटवर टाकायचा, आणि खाली इंग्रजीत दोन ओळी: ही वस्तू कोणाची असावी, कशी राहिली असावी. म्हणून या वयात मी इंग्रजीच्या क्लासला जाते. हसू नकोस. बाई सध्या नेमकं हेच शिकवताहेत, होऊन गेलेल्या गोष्टीबद्दल अंदाज कसा करायचा. आपल्याकडे बरं असतं, 'विसरला असेल' म्हटलं की मोकळे. त्यांच्यात अंदाजांचीही उतरंड आहे. सगळ्यात खाली 'कान्ट हॅव', म्हणजे असं झालेलं शक्यच नाही. मध्ये 'माइट हॅव' आणि 'कुड हॅव', म्हणजे झालं असेल, नसेलही. सगळ्यात वर 'मस्ट हॅव', दुसरं काही झालेलं असूच शकत नाही. बाई म्हणतात, वरच्या पायरीवर पुरावा हातात असल्याशिवाय पाय ठेवायचा नाही. आणि माझं प्रत्येक वाक्य तिथूनच सुरू होतं. "तुमचं आपलं उचलली जीभ लावली टाळ्याला," असं सगळ्यांसमोर म्हणाल्या.

म्हणून यावेळी शहाण्यासारखं खालून सुरुवात करते. बाबांनी तो बूट केलेला असणं शक्य नाही. त्यांचे हात थरथरतात, सुरी धरवत नाही, नवा बूट त्यांनी कधीचा केलेला नाही. कोणीतरी त्यांचा बूट उसवून युक्ती उचलली असेल. असेल. पण त्यांनी ती समोर बसवून फक्त एकाला शिकवली होती. त्याच्या पुढच्या पायरीवर मी अजून चढलेले नाही. तू सांगितलंस तर चढेन.

घाईचं कारण आहे. बाबा दुकान बंद करताहेत. बुटांचे तळ घासायचं मशीन घ्यायला एक जण महिनाअखेरीला येणार आहे. "चालवणारा कोणी नाही, ठेवून काय करू," असं म्हणतात आणि मशीनवर फडकं मारतात. तू हे काम करतोस हे त्यांना कळलं, तर ते मशीन विकणार नाहीत, एवढं मला कळतं. पण बूट मी त्यांना दाखवलेला नाही. म्हाताऱ्याला आशा लावायची आणि तो बूट भलत्याच कोणाचा निघायचा, हे माझ्याच्याने होणार नाही. तेव्हा एका ओळीत कळव. हो किंवा नाही.

तुझी (अजून तरी) ताई


१२ सप्टेंबर

भुंग्या,

तुझं उत्तर नाही. पण पत्र परतही आलेलं नाही. म्हणजे कोणीतरी ते घेतलं. घरमालकाने घेतलं असेल, तू घेऊन न उघडता ठेवलं असशील, किंवा उघडून वाचून आत्ता नाक मुरडत असशील. मला तिसरं आवडेल.

बूट खिडकीबाहेर न्यायचा नाही असा नियम आहे, म्हणून मी त्याचा फोटो क्लासला नेला. बाईंनी तो फळ्याशी टेकवला आणि सगळ्यांना म्हणाल्या, सांगा याचं काय झालं असेल. अंदाजपंचे दाहोदरसे सुरू झालं. औषधांच्या दुकानातला एक जण म्हणाला, मूल मोठं झालं असेल, टाकून दिला असेल. मागे बसणाऱ्या आजी म्हणाल्या, पोराने रागाने खिडकीतून फेकायला काढला असेल. मग आमच्यातला ट्रकवाला बोलला. तो एरवी तोंडातून ब्र काढत नाही. तो म्हणाला, एक बूट पायात घालून कोणी बसमधून उतरत नाही. म्हणजे हा बूट पायात नव्हताच, हातात होता. जोडीतला एकच हातात घेऊन माणूस निघतं ते दुरुस्तीला. शिवाय फोटो बघा, टोक खरवडलंय, टाच नवी आहे.

बाई खूष झाल्या. "मस्ट हॅव," म्हणाल्या, आणि त्याच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. मी मात्र टाळ्या वाजवायच्या विसरले. आमच्या गावाकडे येणाऱ्या गाडीत असा बूट दुरुस्तीला घेऊन कोणी बसलं असेल, तर ते जाणार कुठे? असं काम करणारं दुकान इथे एकच आहे, आणि त्याच्या वरच्या मजल्यावर मी राहते.

दुसऱ्या दिवशी वेबसाइटवर मी माझ्या हाताने लिहिलं की हा बूट दुरुस्तीला नेताना राहिला असावा. साहेबांनी विचारलं, हे कशावरून? म्हटलं, ट्रकवाल्यावरून.

आता या अंदाजांच्या खेळात एक जुनं कोडंही मी रोज घोळवते. तू का गेलास? रागावून नाही विचारत. खरंच मला कळत नाही, आणि न कळलेली गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही, हे तू जाणतोस. मावशीचं म्हणणं, मुलगी असेल. मी म्हटलं, असती तर एव्हाना लग्नाची पत्रिका तरी आली असती. बाबांचं म्हणणं ठरलेलं आहे, तुला या धंद्याची लाज वाटली असणार. ते कायम वरच्या पायरीवर. मी कोणाची मुलगी ते कळलं ना?

माझा अंदाज वेगळा आहे. दुकानात दारापासून आरशापर्यंत ती निळी चटई होती, आठवते? अजून आहे. कोणी गिऱ्हाईक मुलाला घेऊन आलं की बाबा तुला हाक मारायचे, "चाल रे जरा." तू हातातलं टाकून यायचास आणि चटईवरून जाऊन यायचास. लोक म्हणायचे, अगंबाई, कळतच नाही हो! बाबा नुसते तुझ्या पायाकडे बघत राहायचे. शाळेत होतास तेव्हा, कॉलेजात गेलास तेव्हाही, अगदी मिशी फुटल्यावरही. मी माडीवरून बघायचे. तुझा चेहरा त्या वेळी कसा व्हायचा ते मला सांगता येणार नाही, पण मी कोणाला तसं चालायला लावणार नाही.

शेवटच्या दिवशी तू एवढंच म्हणालास, "मी नमुना नाही." मी जिन्यात होते, मला ऐकू आलं. बाबांनी ऐकलं की नाही कोण जाणे, मशीन चालू होतं. ऐकलं नसेल. ऐकून कळलं नसेल. कळून बोलता आलं नसेल. बघ, किती पायऱ्या झाल्या, आणि मी एकीवरही नीट उभी नाही.

माझा अंदाज बरोबर आहे का? निदान एवढं तरी कळव.

ताई


२० सप्टेंबर

भुंग्या,

आता तू उत्तर नाही दिलंस तरी चालेल. उत्तर स्वतःच्या पायाने आलं.

काल जेवणाच्या सुट्टीआधी खिडकीत एक बाई उभी राहिली, बरोबर एक चुणचुणीत मुलगी. बाईने मोबाइलवर आमचं पान उघडून धरलं होतं. आमच्यात रीत अशी, वस्तू दाखवायच्या आधी मागणाऱ्याने तिचं वर्णन करायचं. तिने आतल्या पानांसकट सगळं सांगितलं. मग मला म्हणाली, "दुरुस्तीला नेत होते हे तुम्हाला कसं कळलं हो?" माझ्या इंग्रजीचं आजवर झालेलं हे एकमेव कौतुक.

मुलीला बसमध्ये झोप लागली, तिला खांद्यावर घेऊन उतरताना मांडीवरचा बूट सीटखाली गेला. बूटच नाही तर दुकानात जाऊन दाखवायचं काय, म्हणून दोघी तशाच परतल्या. ज्याने बूट केला त्या कारागिराला सांगायलाही बिचारीला तोंड नव्हतं. त्यानेच तिला इकडे पाठवलं होतं. म्हणाला होता, "पानं माझी बरोबर आहेत, पण पोर पुढे अडखळते. पुढचं काम शिकायचं माझं राहून गेलं. ते एकाच माणसाला येतं. माझं नाव सांगू नका, फक्त बूट दाखवा."

बाई शब्दाची पक्की. नाव काही केल्या सांगेना. मी मग मुलीकडे वळले. विचारलं, ते काका काम करताना गुणगुणतात का गं? ती म्हणाली, "सारखे! आई म्हणते त्यांच्या घशात भुंगा आहे."

मला खिडकीतच रडू आलं. मागे रांगेत एक गृहस्थ छत्री मागायला उभे होते, ते हळूच बाजूला झाले. भुंग्या, मी वरच्या पायरीवर चढले, आणि यावेळी क्लासच्या बाईंनाही काही म्हणता आलं नसतं.

खिडकी बंद केली आणि दोघींना घेऊन दुकानात गेले. बाबांना काही सांगितलं नाही, बूट फक्त त्यांच्या हातात दिला. त्यांनी गादी उचलली. पानं एकेक करून अंगठ्याने चाचपली, कडेचं छिलणं, म्हणजे कातडं कडेला किती पातळ तासलंय ते, नखाने पाहिलं, परत सुरुवातीपासून पाहिलं. मला वाटलं आता विचारतील, कोणी केला? नाही विचारलं. बूट छातीशी धरून खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मग वळले, मुलीच्या पायात बूट चढवला आणि म्हणाले, "चाल बघू, बेटा."

ती त्या निळ्या चटईवर उभी राहिली. आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मुठी आवळल्या, हनुवटी वर केली आणि चालायला लागली. चेहरा थेट तुझा. तोच, जो मला सांगता येत नाही.

मला राहवलं नाही. परक्या बाईसमोर बोलायला नको होतं, पण बोलले. म्हटलं, बाबा, हिला थांबवा. तो याच्यामुळेच गेला. लोकांना दाखवायला तुम्ही त्याला असाच चालवत होता.

बाबा माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "मी दाखवत नव्हतो गं. मी बघत होतो."

मला कळेना. त्यांनी खुर्चीवर बसून, थांबत थांबत सांगितलं. एकटा असलास की तू त्यांच्यासाठी नीट चालायचास. पाय दुखत असला तरी, त्यांना बरं वाटावं म्हणून. बूट कुठे चुकलाय ते मग कळायचंच नाही. "परकं माणूस समोर आलं की तो लाजायचा," ते म्हणाले. "आणि लाजला की त्याचा पाय खरा पडायचा. त्यावरून मी पानं तोडायचो."

हे बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांना ऐकू आलं असावं. मुलगी चटईच्या टोकाला तशीच उभी होती. तिला त्यांनी हाताने खूण केली, बस म्हणून.

मला त्यांचा भयंकर राग आला, आणि त्याच वेळी त्यांना पोटाशी घ्यावंसं वाटलं. मावशीचा अंदाज, बाबांचा अंदाज, माझा अंदाज, इतके सगळे आम्ही करून ठेवले होते, आणि हे कोणाच्या मनातही आलं नव्हतं. तुझ्या आलं होतं का? नसावं. आलं असतं तर तू भांडून गेला असतास, असा गप्प गेला नसतास.

त्यांनी मुलीचा बूट काढून ठेवून घेतला, तिचा जुना तिला घालायला दिला आणि दोघींना परवा यायला सांगितलं. त्या निघाल्यावर मी खुर्च्या आवरत होते. बघते तर बाबा जागेवर नाहीत. दारात उभे होते, त्या दोघी वळणापलीकडे जाईपर्यंत.

मी वर जाऊन चहा टाकला, तर खालून हाक आली, "कागद आण." मी थकले होते, म्हटलं आज राहू दे, उद्या-परवा लिहू.

ताई


२१ सप्टेंबर

(हे बाबा सांगताहेत. मी फक्त लिहिते आहे, माझा एक शब्दही यात नाही.)

आशीर्वाद वगैरे तुझी ताई लिहीत असेलच. मी कामाचं सांगतो.

बूट पाहिला. पानं सरळ बसली आहेत. कडेचं छिलणं माझ्यापेक्षा बारीक आहे. शिवण चांगली. चूक पुढे आहे. तू सगळी पानं एका लांबीची ठेवलीस, त्यामुळे तळ पुढे वाकत नाही आणि पोर टोक घासते. वरचं प्रत्येक पान खालच्यापेक्षा आखूड तोडायचं, जिन्याच्या पायऱ्यांसारखं. किती आखूड, ते मापाच्या पट्टीवर मिळत नाही, चालीत मिळतं. तुला बाकी सगळं शिकवलं, एवढं राहिलं. राहिलं म्हणजे मीच मागे ठेवलं होतं. वाटायचं, घाई काय आहे.

या पोरीची पानं आज तोडली. माझ्या हाताने होत नव्हतं. मी बोट ठेवून खूण दाखवली, सुरी तुझ्या ताईने धरली. तिने एक पान वाकडं कापलं, ते परत करावं लागलं. हे लिही म्हटलं तर लिहीत नव्हती.

मशीन घेणाऱ्याला नाही म्हणून कळवलं आहे. ते तिकडे पाठवायचं की तू इथे येऊन चालवायचंस, ते तू ठरव. दोन्ही चालेल मला.

एक गोष्ट ध्यानात ठेव. तुझ्याकडे येणाऱ्या कुठल्याही पोराला चालून दाखव म्हणू नकोस. ना एकट्याने, ना लोकांसमोर. काम झालं की त्याला निरोप दे, दार उघड, आणि ते घरी जायला निघालं की मागून बघ. पाठमोरं माणूस कोणासाठी चालत नसतं, खरं दिसतं. हिचं मी तसंच पाहिलं. बसस्टॉपच्या वळणापर्यंत सगळं कळलं.

तुला मी जन्मभर समोरूनच पाहिलं. पाठमोरं पाहिलं ते एकदाच, तू गेलास त्या दिवशी. मशीन तसंच चालू टाकून मी दारात आलो होतो. तू बॅग घेऊन रस्त्याच्या टोकाला पोचला होतास. तेव्हा मला दिसलं, तुझ्या बुटात एक पान जास्त होतं. कधीपासून होतं देव जाणे, आणि तू त्यावर तसाच चालत होतास. हाक मारायला हवी होती.